भंडारा माझ्या कपाळी, बोल अनिताच्या माथी

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. मला जुनी म्हणायचा हक्क माझा एकटीचा. दुसरं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. अंगावर गंज चढलाय तो पावसानं. कामचुकारपणानं नाही. माझ्यासारखी खडी तुडवलेली दुसरी सायकल सुप्याच्या माळावर दाखवा, मग बोला.

माझं लोखंड कुठं वितळलं ते मला ठाऊक नाही. मला जाग आली ती बारामतीच्या एका दुकानात. सांगाडा एका पोत्यातून निघाला, चाकं दुसऱ्यातून. पाना घेतलेल्या हातांनी मला जोडलं, तारा आवळल्या, चाक फिरवून फिरवून सरळ केलं. अंगभर गुंडाळलेल्या कागदाच्या पट्ट्या तशाच ठेवून मला दारात उभी केली. नव्या नवरीला मुंडावळ्या असाव्यात तशी मी दिसत होते. नव्वद सालची दिवाळी नुकतीच झाली होती.

मला घ्यायला सोनबा आला. डोक्याला तांबडा फेटा, खांद्यावर घोंगडं. त्यानं माझ्या चाकावर अंगठा दाबून पाहिला, कोकराच्या फासळ्या चाचपतात तसा.

"खडीवर टिकंल का?" त्यानं विचारलं.

"सायकल टिकंल, पाव्हणं. तुमी टिकताय का ते बघा," दुकानदार म्हणाला.

सोनबा हसला. मला तो तिथंच आवडला.

त्याची वस्ती सुप्याच्या पलीकडं, टेकड्यांच्या कुशीत. घरात बायको द्वारकाबाई, मुलगा भिमा, मुलगी अनिता आणि वाड्यात मेंढरं. तिथं यायचं तर जंगलातनं यावं लागे. खैर, हिवर, बोरीची जाळी, मधूनच एखादं चिंकारा हरिण कान टवकारून उभं. रस्ता होणार म्हणून कुणीतरी त्या वाटेवर खडी पसरली होती. डांबर आलंच नाही. खडी मात्र राहिली, आणि ती खायला मी.

मी ती खाल्ली. चढाला सोनबा उतरायचा आणि माझ्या हँडलला धरून चालायचा. उताराला बसायचा आणि ब्रेक दाबत दाबत सावकाश सोडायचा. टेकडी संपली की खाली कऱ्हेचं पात्र. उन्हाळ्यात तिथं वाळूच वाळू, चाक घोट्यापर्यंत रुतायचं. ऊसतोड झाली की मेंढरं दूर नीरेच्या खोऱ्यात, कळंबच्या रानात बसवायला न्यायची. मेंढरांनी रात्रभर रान खतवायचं आणि मालकानं धान्य द्यायचं, अशी रीत. मग मी कॅनॉलच्या कडेनं मुरमाच्या वाटेवरून भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन जायची. हँडलला झोळी, झोळीत वाटेत जन्मलेलं कोकरू. ते सारा रस्ता माझ्या घंटीला चाटायचं. कळंबची माणसं म्हणायची, "सोनबाराव, तुमची मेंढरं ऱ्हाऊ द्या, ही सायकल बसवा आमच्या रानात." असा माझा मान होता.

आता अनिताचं सांगते. माझं जे काही बरंवाईट झालं, ते तिच्यापायी नाही, तिच्याबरोबर झालं.

वस्तीवरची शाळा सातवीला संपायची. पुढं शिकायचं तर सुपं गाठायचं. तिच्या बरोबरीच्या पोरींनी दप्तरं खुंटीला टांगली. अनितानं मला धरलं. मी पुरुषी सायकल, मधे ही उंच दांडी. तिनं परकर खोचला आणि दांडीखालून पाय घातला. मग वाकडी होत होत पायडल मारायला शिकली. किती वेळा बोरीच्या जाळीत गेलो आम्ही! ती काटे काढायची आणि परत चढायची.

द्वारकाबाईला हे पटलं नव्हतं. ती मोठी करारी बाई. तिच्या एडक्यांची टक्कर बघायला लांबलांबची माणसं येत. हरलेला एडका ती दारात ठेवत नसे.

"पोरीची जात आन् टांग टाकून सायकलीवर. उद्या म्हनंल मेंढरावर बी बसते," ती म्हणायची.

"बसंना का. मेंढरू तिला पाडंल," सोनबा म्हणायचा. मग गंभीर होऊन म्हणायचा, "सायकल हाय तवर जाऊ दे. सायकल बसली, की मग बघू."

म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळत होतं. कळंबच्या एका घराकडून अनितासाठी विचारणा येऊन राहिली होती. मी चालतेय तोवर तिची शाळा. मी बसले की तिचं लगीन. मित्रांनो, एवढा मोठा भार माझ्यावर कुणी कधी टाकला नव्हता. कोकरं नेली, बाजार नेला, हे त्याहून जड होतं.

ती दहावीला गेली त्या वर्षी बिरोबाच्या जत्रेत सायकलींची शर्यत ठरली. टेकडीवरच्या देवळापासून खडीच्या उतारानं खाली कऱ्हेच्या काठापर्यंत. भिमा म्हणाला, "आये, मी पळवनार." द्वारकाबाईचा चेहरा फुलला. तिच्या दारातला एकही एडका हरलेला नव्हता, मग लेक कसा हरेल?

जत्रेच्या सकाळी तिनं मला अंगणात घेतलं. टकरीच्या आधी एडक्याला सजवतात, अगदी तसं मला सजवायला बसली. हँडलला लोकरीचे गोंडे बांधले, कपाळावर, म्हणजे घंटीच्या वर, भंडारा फासला. मग करडईच्या तेलाची वाटी घेतली. एडक्याची शिंगं चोळतात तशी तिनं माझी दांडी चोळली, पुढचं चाक धरणारा चिमटा चोळला, चेन चोळली. इथवर मला बरं वाटलं. कुणाला नाही वाटणार? पण ती थांबली नाही. चाक फिरवत गेली आणि दोन्ही रिमांवर बोटानं तेल ओढत गेली. आतून, बाहेरून, चकचकीत होईपर्यंत.

अगं बाई, तिथं नको! ब्रेकचं रबर तिथं धरतं! पण मला कुठलं तोंड. माझ्याकडं एक घंटी, तीही दुसऱ्यानं वाजवली तरच वाजणारी.

"आये, किती त्याल घालतीस? भज्या तळायच्यात का दादाच्या?" अनिता चुलीपुढनं म्हणाली.

"तू गप. जनावर त्यालानं चमाकतं, मग समोरच्याला घाम फुटतो."

भिमानं मला देवळापर्यंत ढकलत नेलं. ढोल वाजले. आम्ही सुटलो. पहिल्या सरळ उतारावर मी सगळ्यांच्या पुढं. खोटं कशाला बोलू, तेवढा वेळ मलाही उन्माद चढला होता. खालच्या बाजूला ओढ्यावरचं वळण आलं. भिमानं ब्रेक दाबला आणि रबर तेलावरून सुळकन घसरलं. त्यानं परत दाबला. मुठी पांढऱ्या होईतो दाबला. मी थांबायला किती तडफडले ते माझं मला ठाऊक. खडी आमच्याखालून निसटली. तो एका बाजूला पडला, मी दुसऱ्या. त्याचा उजवा हात मोडला. माझा चिमटा वाकला आणि पुढचं चाक मागं आलं.

संध्याकाळी घरात माणसांची दाटी झाली. हाताला कामट्या बांधून भिमा कण्हत होता. सोनबाची बहीण कुशाबाई जत्रेला आलेली. तिनंच तोंड उघडलं.

"दादा, राग मानू नगंस. देवाची शर्यत हुती. रोज पोरगी बसती त्या सायकलीवर. बिरोबाला कसं चालंल?"

"वन्सं, मला बी त्येच वाटाया लागलंय," द्वारकाबाई म्हणाली. तेव्हा तिला खरोखर तसंच वाटत होतं. एवढं मी तिच्या बाजूनं बोलते. पुढचं नाही बोलणार.

सोनबानं घोंगड्याची दशी ओढून तोडली. मग म्हणाला, "साळा बास आता."

अनिता रडली नाही. ती बाहेर आली आणि फडक्यानं मला पुसायला लागली. पुढच्या रिमेवर हात गेला आणि घसरला. तिनं बोटं पाहिली. मागच्या रिमेला हात लावला. मग आईला हाक मारली.

"आये, हिकडं ये. हितं बोट लाव."

द्वारकाबाईनं बोट लावलं. नाकाशी नेलं. करडईचं तेल, तिच्याच वाटीतलं. ती जागच्या जागी उभी राहिली. मित्रांनो, त्या क्षणी तिला सगळं कळलं, हे मी चाकं पणाला लावून सांगते. तिनं ते बोट लगेच पदराला पुसलं.

"ह्यानं बिरेक धरला न्हाय," अनिता हळूच म्हणाली. "माझ्यानं न्हाय, आये."

"दुकानातलं वंगन आसंल."

"वंगन काळं असतंय."

"लई शानी झालीस! म्हनूनच म्हनते साळा बास."

"आये, आबास्नी सांग एवढं."

"काय सांगू? पोटच्या पोराचा हात म्यां मोडला म्हनू चार माणसांत?"

"मग म्या मोडला म्हनून ऱ्हाऊ दे व्हय?"

द्वारकाबाई वळली. आत गेली, चुलीतली राख घेऊन आली आणि माझ्या दोन्ही रिमा घासायला लागली. काथ्यानं खसाखसा घासल्या. अनिता बघत उभी राहिली. मला इतकं स्वच्छ कुणी कधी केलं नव्हतं, आणि मला इतकं मळल्यासारखंही कधी वाटलं नव्हतं.

सकाळी अनितानं बापाला सांगितलंच. "आबा, रिमेला त्याल हुतं. त्यानं घसारली." सोनबा उठून माझ्याजवळ आला. त्यानं रिमेवरून अंगठा फिरवला. कोरडी ठणठणीत. त्यानं बायकोकडं पाहिलं.

"व्हय गं?"

द्वारकाबाई ताक घुसळत होती. रवी थांबली नाही. "त्यालानं कवा कुणाचं वाईट झालंय? एडक्याला लावते त्येच त्याल, त्योच भंडारा. एडकं कवा पडलं का माजं?"

तिनं एक शब्दही खोटा सांगितला नाही. त्याचाच मला राग आहे. खोटं बोलली असती तर निदान पकडली गेली असती. सोनबानं मान हलवली आणि मेंढरांच्या मागं गेला. त्या मान हलवण्यानं एका पोरीची दहावी संपली.

उन्हाळ्यात अनिता कळंबला सासरी गेली. वऱ्हाड टेम्पोनं गेलं. मी गोठ्यात, वाकला चिमटा भिंतीला टेकून. तो सरळ करायला सुप्याच्या दुकानात एखादी दुपार लागली असती. पण बाटलेल्या सायकलीला कोण नेणार? भिमाचा हात जुळला आणि त्याच्या बुडाखाली मोटारसायकल आली. ती खडीवर दोनदा आपटली. तिला मात्र कुणी अवदसा म्हटलं नाही. माझ्या शिटावर कोंबड्या बसायला लागल्या. माझी ट्यूब कापून त्यांनी पाण्याच्या पाइपाला बांधली. घंटी वस्तीवरच्या कोणत्याशा पोरानं नेली. ज्या जंगलात मी रोज चाकाचा माग सोडायची, तिथं अभयारण्य झालं आणि मेंढरांनाही बंदी झाली. सोनबानं निम्मी विकली आणि उरलेल्यांकडं बघत तो दारात बसायला लागला.

अनिता माहेरी यायची. दोन दिवस राहायची आणि जायची. आईशी बोलायची, पण किती? पीठ कुठं हाय, पानी आलं का, एवढंच. माझ्याजवळनं जाताना कोंबडी हुसकायची आणि शिटावरची घाण पुसायची. तिच्याकडून मला एवढं मिळायचं. माझ्याकडून तिला तेही देता आलं नाही.

विसावं शतक संपत आलं तेव्हाची गोष्ट. भंगारवाला वस्तीवर आला. भिमा म्हणाला, "आये, दिऊन टाकू ही." द्वारकाबाई एकदम म्हणाली, "ऱ्हाऊ दे." का, ते सांगितलं नाही. सगळे रानात गेल्यावर ती गोठ्यात आली. गुडघे धरत माझ्यापुढं बसली. गंजलेल्या रिमेवर तळवा ठेवला.

"माजं चुकलं गं," ती म्हणाली. "पोरीला म्यां बुडीवली. तोंड उघडलं न्हाय तवा."

पदरानं डोळे पुसले आणि हलकी होऊन उठली. मोठं ओझं उतरल्यासारखी. दुसऱ्या दिवशी परत आली, परत तेच म्हणाली. आता दर आठ-पंधरा दिवसांनी येते.

मला सांगून काय उपयोग, द्वारकाबाई? माझा चिमटा तुझ्या शब्दांनी सरळ होत नाही. तुझी लेक कळंबला आहे. टेकडी उतरायची, कऱ्हा ओलांडायची, कॅनॉलची मुरमाची वाट धरायची. ती वाट मी तुझ्या घरातल्या कुणापेक्षाही जास्त तुडवली आहे. आता तर एष्टीही जाते. पण तू गोठ्यापर्यंतच येतेस. इथं तुला उलट विचारणारं कुणी नाही ना.

मित्रांनो, सायकल असेल तर तिला तेल घाला, चेनीला घाला, फ्रीव्हीलला घाला. रिम कोरडी ठेवा. पावसात बाहेर टाकू नका. हे तुम्ही कराल, हे सोपं आहे. पण आपल्या हातून चूक झाली आणि बोल दुसऱ्याच्या माथी बसला, तर तो उचलायला त्याच दिवशी जा. ज्याच्या माथी बसला त्याच्या दारात जा. आज सकाळीही द्वारकाबाई माझ्यापाशी येऊन रडून गेली. अनिताला अजून त्यातलं काही ठाऊक नाही.