एक बार कमी

भिमाजी मेला त्या दिवशी दहा बार भरले होते आणि नऊच ऐकू आले होते.

निगडीच्या पुढे टेकाडाच्या पोटात ती दगडखाण होती. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, त्यांच्या पायासाठी आणि रस्त्यांसाठी दगड इथून जायचा. खडकात खोल भोकं पाडायची, त्यांत दारू ठासायची आणि प्रत्येक भोकातून एक वात बाहेर काढायची. वाती एकीपेक्षा एक चार बोटं लांब कापायच्या, म्हणजे बार एकदम न उडता एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. हे मोजणं सोनबाचं काम होतं. वाती तोच पेटवायचा, पळत येऊन लोखंडी पत्र्याआड बसायचा आणि बार पुरे झाले की शिट्टी द्यायचा. शिट्टीशिवाय कोणी खडकाकडे जायचं नाही. एक जरी कमी आला तर अर्धा तास थांबायचं.

त्या दिवशी पाचवा बार जरा मोठा वाटला. दोन एकत्र उडाले असतील असं सोनबाने धरलं आणि शिट्टी दिली. त्याचा जोडीदार भिमाजी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे गेला. सैल झालेल्या दगडात त्याने पहार घातली आणि दहावा बार त्याच्या पोटासमोर उडाला.

सोनबाची बायको शालनबाई तिथून दीडशे पावलांवर बायकांबरोबर खडी फोडत होती. भिमाजीची पहार हवेत गरगरत आली आणि तिच्या शेजारी खडी फोडणाऱ्या सुभद्राबाईच्या पाटीतून आरपार जाऊन जमिनीत रुतली. कमरेखालचा भिमाजी होता तिथेच होता. वरचा खडकावर सगळीकडे होता. सोनबाने पोतं घेतलं आणि एकट्याने त्याला गोळा केलं. कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. आठव्या दिवशी तो कामावर गेला.

सोनबा त्याआधी कधी भ्यालाच नाही असं नव्हतं. काडी ओढताना त्याचे तळहात ओले व्हायचे, तोंड सुकायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी शालनबाईने त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला होता, "भ्या वाटलंच पायजे. ज्याला वाटत न्हाई त्याच्याशेजारी मी उभा ऱ्हात न्हाई." पण शेवटचा बार उडाला की ते उतरायचं. शिट्टी देऊन तो घामेजलेला यायचा आणि तीन भाकरी खायचा.

आता ते उतरत नव्हतं. काडी ओढताना त्याचा हात उलट स्थिर असायचा, शालनबाईने नीट पाहिलं होतं. हात कापायचा तो घरी, तांब्या उचलताना. घास छातीत अडकायचा. भर दुपारी, खाण बंद असताना, बाजेवर बसल्या बसल्या त्याचा श्वास पळत आल्यासारखा चालायचा. काय झालं म्हणून विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही.

एका सकाळी शेजारच्या दारात पितळी हंडा दगडावर पडला. सोनबाने शालनबाईला मागून धरून खाली आपटलं आणि तिच्या पाठीवर पालथा पडला. तिचं कपाळ जात्याच्या पाळीवर फुटलं. डोळ्यांत रक्त उतरलं तरी तो उठेना. गुडघ्याने तिची मान दाबून तो सारखं तेच म्हणत होता, "एक ऱ्हायलाय. एक ऱ्हायलाय." तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला तेव्हा तो भानावर आला.

"बायको मारतोय व्हय रे, मेल्या?" शेजारीण दारातून ओरडली.

"मारत न्हाईत, वाचिवत्यात," शालनबाई पदराने कपाळ दाबत म्हणाली. शेजारणीला ते पटलं नाही.

खाणीतही तेच सुरू झालं. बार उडून गेले की सोनबा पत्र्याआडून हात वर करायचा, एक कमी. मग अर्धा तास ट्रक रिकामे उभे, मुकादम यशवंतराव घड्याळ काढून बसलेला आणि गडी उन्हात शिव्या घालत. अर्ध्या तासाने बघावं तर सगळी भोकं फुटलेली असायची.

"सोनबाभाऊ, कानात बोळं घातल्यात का काय?"

"भिमाजी कानात सांगून जातोय, दादा. त्याचं कोन ऐकनार?"

शालनबाईलाही भिमाजीच्या मरणापासून भीती बसली होती. म्हणून ती आपल्यापुरतं मोजत होती. बार उडायला लागले की बायका खडीच्या ढिगाआड बसत. प्रत्येक बाराला ती एक खडा ओटीत टाकायची. मोजदाद पुरी झाली की खडे झटकून हातोडा उचलायची. महिन्याभरात सोनबाने नऊ वेळा एक कमी सांगितला. नऊही वेळा तिच्या ओटीतले खडे पुरे होते. हे तिने कोणाला सांगितलं नाही. मुकादमाला कळलं तर नवऱ्याची शिट्टी जाईल, आणि शिट्टी गेली तर हा माणूस उभा राहायचा नाही, असं तिला वाटत होतं.

नवव्या वेळी मालोजी उठला. भिमाजीच्या जागी जोडीदार म्हणून तोच आला होता, आणि सोनबाबरोबर मोजायचं कामही त्याच्याकडे होतं.

"दहाच्या दहा झाल्यात," तो म्हणाला. "म्या सवता मोजल्यात. शिट्टी आण हिकडं."

"नऊ."

"भित्र्या, दे म्हन्तो ना!" मालोजीने गळ्यातली दोरी धरून शिट्टी ओढली. दोरी सोनबाच्या गळ्यात रुतली आणि त्याच क्षणी त्याने पहार उचलली. पहिला घाव मालोजीच्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते बायकांच्या ढिगापर्यंत ऐकू आलं. मालोजी पडला तरी सोनबाचे घाव थांबेनात. दुसरा त्याच्या कोपरावर पडला, तिसरा डोक्याशेजारी दगडावर. मग पाच-सहा गडी सोनबावर तुटून पडले. फावड्याच्या दांड्यांनी त्यांनी त्याला पाठीवर, बरगड्यांवर, तोंडावर मारलं. एकाने त्याचे केस धरून चेहरा खडीत घासला. शालनबाई मध्ये पडली तेव्हा एक दांडा तिच्या हातावरही बसला.

"मारा, पर खडकाकडं जाऊ देत न्हाई!" सोनबा तोंडातलं रक्त थुंकत ओरडला. "एकाला बी जाऊ देनार न्हाई!"

अर्ध्या तासाने खडक पाहिला. दहाही भोकं फुटली होती.

यशवंतराव सोनबासमोर उकिडवा बसला. "तू माझा जुना माणूस. म्हणून उद्याचा एक दिवस देतो. उद्या उगाच एक कमी म्हणालास तर शिट्टी लक्ष्मणरावाकडं जाईल आणि तू दुसरीकडं काम बघ."

दुसऱ्या दिवशी बारा बार भरले. मालोजी हात गळ्यात बांधून घरी पडला होता, त्याच्या जागी मोजायला लक्ष्मणराव आला, खाणीतलाच एक पहारवाला गडी. त्याने हे काम कधी केलं नव्हतं. सोनबाचा एक डोळा सुजून मिटला होता. तरी वाती त्यानेच पेटवल्या, शांतपणे, एकामागून एक.

शालनबाईने ओटी पसरली. पहिला, दुसरा, तिसरा. दगडांचा पाऊस पत्र्यावर वाजला. नववा, दहावा, अकरावा. तिने पुढचा खडा चिमटीत धरला आणि वाट पाहिली. धूर वर चढला. खडा चिमटीतच राहिला.

तिने पत्र्याकडे पाहिलं. आज तरी त्याने हात वर करावा, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. सोनबा उठून उभा राहिला. लक्ष्मणराव हसत म्हणाला, "बारा! बराबर ना, राव?" सोनबाने त्याच्याकडे पाहिलं, खडकाकडे पाहिलं. मग शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली.

गडी पहारी घेऊन निघाले.

शालनबाईच्या ओटीतले खडे सांडले. सवयीने तिने हातोडा उचलला. ती पळत सुटली, लुगडं गुडघ्यात अडकत होतं. "थांबा! अकराच झाल्यात! म्होरं जाऊ नगा!"

"घ्या! आता बायकोला बी लागन झाली," कोणीतरी म्हणालं. हशा झाला. कोणी थांबलं नाही. लक्ष्मणराव सर्वांच्या पुढे होता, खडक साठ पावलांवर आला होता. शालनबाई तिरकी पळत त्याच्यापुढे आली आणि तिने हातोडा त्याच्या गुडघ्यावर घातला.

तो किंचाळत पडला. गडी थबकले, मग तिच्यावर धावले. एकाने तिच्या केसांना हिसडा दिला, दुसऱ्याने तोंडावर मूठ मारली. दात ओठातून बाहेर आला. तिने हातोडा सोडला नाही, ती तो फिरवतच राहिली. एकाच्या मांडीवर लागला, एकाच्या बोटांवर. "सटवीला धरा! पाय मोडला गड्याचा!" खडकाकडे जायचं सगळेच विसरले.

बारावा बार तेव्हा उडाला.

जमीन पायाखालून सरकली. डोक्याएवढे दगड त्यांच्या वरून गेले. ज्याने तिचे केस धरले होते त्याचा कान एका कपचीने मुळापासून उडाला. तो हाताने कान चाचपत राहिला, आणि बोटांमधून रक्त मनगटावर वाहत होतं. बाकीचे पालथे पडले होते. धूर निवळला तेव्हा सगळेजण जिवंत होते. लक्ष्मणराव मोडलेला गुडघा धरून तिला शिव्या देत होता आणि रडत होता.

त्यानंतर खाणीत वेगळीच गडबड उडाली. सुभद्राबाईने शालनबाईच्या पायांना हात लावला. "तुझ्या अंगात आली गं आई!"

"आई न्हाई आली. खडं मोजलं म्या," शालनबाई फाटलेल्या ओठातून म्हणाली.

मग तिला कडकडून भूक लागली. ती ढिगाआड बसली आणि भाकरी रक्तासकट चावून खाऊ लागली. सोनबा तिच्यासमोर बसला. त्याने भाकरीचा तुकडा हातात घेतला, पण तोंडापर्यंत नेला नाही.

"म्या बी अकराच ऐकलं," तो म्हणाला.

तिचं चावणं थांबलं. "मग शिट्टी का दिली?"

"सारखा एक कमी ऐकू येतोय. नऊदा खोटं निगालं. म्हटलं, आज बी खोटंच आसंल. आज छातीचं ऐकायचं न्हाई."

"नऊदा खोटं, ते मला ठावं होतं. म्या मोजत हुते."

"बोलली का न्हाईस?"

"तुमची शिट्टी जाईल म्हनून." ती खाली बघून म्हणाली. "आन त्यापाई आज धा मानसं मेली आसती. ते माझ्याकडं बी हाय."

तिने हात धुतले आणि त्याला उठवून खडकापाशी नेलं. धूर संपला होता, दगड अजून गरम होते. तिने त्याचा हात धरून एकेका फुटलेल्या भोकात घातला. बारा भोकं होती. त्याने स्वतः मोजली, दोनदा.

"झाली बारा?"

"झाली."

"आता काय ऱ्हायलंय का?"

त्याने शेवटच्या भोकात पुन्हा हात घालून पाहिला. "ऱ्हायलंय," तो म्हणाला.

"कुटं?"

त्याने हात उचलला, आणि तो कुठे न्यावा हे त्याला कळलं नाही. हात तसाच हवेत राहिला, मग खाली आला.

यशवंतराव मागे येऊन उभा होता. "सोनबा, झालं ते झालं. उद्यापासून शालनबाई मोजतील, तू नुसता पेटवत जा. काम जायला नको."

सोनबा मान हलवणार, तोच शालनबाई म्हणाली, "पेटवायचं बी न्हाई ह्यांनी. बाराजवळ उभंच ऱ्हायाचं न्हाई."

सोनबाने हात उगारला. "चारचौघांत भित्रा म्हन्तीस मला?"

ती हलली नाही. तिचा ओठ सुजून नाकाला टेकला होता. "मारा. पर ऐका. भ्याले तर मी. भ्याले म्हनून पळाले, हातोडा मारला. बार उडाला आन माझं भ्या निगून गेलं, भूक लागली मला. तुमचं उडालेल्या बारानं बी जात न्हाई. त्ये भ्या न्हाईच. त्ये दुसरंच कायतरी हाय, आन त्यानं आज तुमाला खरं बी मानू दिलं न्हाई."

उगारलेला हात खाली आला. त्याने गळ्यातून दोरी काढली आणि शिट्टी मुकादमाच्या हातात ठेवली. दोरीखालचा कालचा वळ अजून लाल होता.

देहूरोडला एक म्हातारा डॉक्टर होता, लढाईवरून आलेल्या शिपायांवर त्याने पुष्कळ वर्षं उपचार केले होते. शालनबाईने त्याच दुपारी त्याच्याकडे चालायला सुरुवात केली. सोनबा तिच्या मागून निघाला, मग बरोबरीने.

"त्यो काय बगनार? माझं काय मोडलेलं न्हाई."

"त्येच सांगायचं. मोडलेलं कायबी न्हाई आन झोप न्हाई, अन्न न्हाई."

"आन त्यो हसला तर?"

"न्हाई हसायचा. लढाईवरनं आलेली आशी लई मानसं बगितल्यात त्यानं."

रस्त्यावर लष्कराची एक मोटार फटकन धूर सोडून पुढे गेली. सोनबाने तिचा दंड पकडला. त्याची नखं तिच्या कातडीत शिरली, आणि तो तिला खाली ओढू लागला. तिने पाय रोवले.

"कुटं हाय?" तिने विचारलं.

त्याने रस्त्याकडे पाहिलं. मोटार वळणाआड गेली होती. "न्हाई कुटं," तो म्हणाला, पण दंड सोडला नाही. नखांखालून रक्त आलं. ती तशीच चालत राहिली, आणि तोही.