मेन स्विच पाडून निघालो

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी दोनदा चुकवली होती. तिसऱ्यांदा माझ्या मुलाने, उमेंद्रने, नागपुरातून फोनवर दम दिला तेव्हा पिशवी भरली आणि नवेगाव बांधहून गोंदियाची बस धरली. तिथं बहिणीकडे तीन दिवस राहायचं होतं. माझी बायको सुखवंता गेल्यापासून मी घराबाहेर एकही मुक्काम केला नव्हता. तिचं गाणं घरात होतं.

आमच्याकडे बाया धानाची रोवणी करताना गातात. गाण्यात नवऱ्यांची टिंगल असते, म्हणून नवरा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दिसला की त्याची बायको गप्प होते. एकतीस वर्षं मी सुखवंताचं गाणं लांबूनच ऐकलं. जवळ गेलो की थांबायचं.

दोन वर्षांपूर्वी उमेंद्रने शेतात चांगला रेकॉर्डर ठेवला आणि ती गाणी घेतली. सुखवंता गेल्यावर त्याने ती गाणी आणि घरातल्या जुन्या कॅसेटी विजेवर चालणाऱ्या एका छोट्या कॉम्प्युटरच्या डब्यात भरून तो डबा इंटरनेटला जोडला. आधी फाइल लहान करून फोनमध्येच दिली होती, पण त्यात आवाज पातळ लागायचा, म्हणून ती काढून टाकायला लावली. डब्यातलं वाजलं की ओळीआधी तिने घेतलेला श्वास ऐकू येतो. चिखलातून पाय निघाल्याचंही ऐकू येतं.

"कुठंही जा बाबूजी, घरचं गाणं जसंच्या तसं फोनवर येईल," असं तो म्हणाला होता. त्या भरवशावर मी निघालो.

कोहमारा सोडल्यावर इअरफोन लावले. घरचा डबा सापडत नाही, असं फोनवर आलं. दोनदा, तीनदा तेच. उमेंद्रला फोन केला.

"निघताना मेन स्विच पाडला का?"

"पाडला. तुझी आई पाडायला लावते ना."

लावते, असं म्हणालो. एकदा विजेने टीव्ही जळाला होता. तेव्हापासून मेन स्विच पाडल्याशिवाय सुखवंता कुलूप लावू देत नसे. आजही माझा हात आपोआप गेला होता.

"मग डबा कसा चालेल बाबूजी? राहू द्या आता. तीनच दिवस आहेत."

मी फोन ठेवला. गोरेगावला उतरून परतीची बस घ्यायची, डोळ्याचं पुढं पाहू, असं ठरवलं. तरी शेजारच्या कलाबाईला एक फोन लावला. रोवणीत ती सुखवंताच्या बाजूला असायची.

"काऊन जी भाऊ, पोचले का?"

"बसमंधीच आहो. बाहेरच्या छपरीतला मेन स्विच वर कर ना बाई."

"कायले? घरात तं कोणी नाही."

"तिचं गाणं आयकाचं आहे."

"आता आयकता! तेव्हा धुऱ्यावर येऊन आमचं गाणं बंद पाडत होते." ती हसली. मग आवाज उतरला. "थांबा, पाहते."

गोरेगावला बाजाराचा दिवस होता. मी पिशवी घेऊन दारापर्यंत गेलो, फोनवर पुन्हा गाणं लावून पाहिलं आणि कानात तिचा श्वास आला. मग ओळ आली.

"काका, उतरना है कि नहीं?" मागच्या माणसाने ढकललं.

"नाही," म्हणालो आणि परत जागेवर येऊन बसलो.

बस गावाबाहेर पडली तेव्हा कलाबाईचा फोन आला. "लागलं का?"

"लागलं."

"भाऊ, खिडकीतून पाहिलं. तुमच्या खोलीत पंखा फिरून राहिला. खाटेवर कोणी नाही अन् पंखा सुरू. घाबरली ना मी."

मेन पाडायचा म्हणून मी पंख्याचं बटण तसंच चालू ठेवलं होतं. घराला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात.

"मेन बंद करू का?"

"नको. फिरू दे."

"डोळ्याले हात नका लावजा," म्हणाली आणि फोन ठेवला.

गाणं थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं. गोंदिया यायला अजून अर्धा तास होता.