भेटीची चौकट

रश्मीने स्क्रीनवरची ‘नातेवाइकांची भेट’ लिहिलेली चौकट माउसने उचलून दोन बाणांच्या मधोमध ठेवली. ती पुन्हा लाल झाली.

फोन स्पीकरवर होता. अकोल्याच्या रुग्णालयातून सुगत म्हणाला, “ताई, झालं का? चार वाजता पाठवाचं हाये.”

“नाही रे. दोन्हीकडच्यांनी एकच चौकट हलवली आहे. एक ठेवली की दुसरी जाते.”

एकाच ट्रस्टची दोन रुग्णालयं, एक अमरावतीत, एक अकोल्यात. रुग्ण गेल्यावर कुणी काय करायचं, आधी काय आणि मग काय, याचा आराखडा मुळात एकच होता. वर्षभरात दोन्हीकडच्यांनी तो आपापल्या परीने बदलला. अकोल्याने भेट आधी आणली: मृत्यू झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांना लगेच आत घ्यायचं. अमरावतीने ती मागे नेली: नळ्या काढून, अंग पुसून, पांढरी चादर घालून झाली की मगच पडदा उघडायचा. हे दोन आराखडे जोडण्याचं काम अमरावतीच्या रश्मीकडे आलं होतं. आज जे ठरेल तेच उद्यापासून दोन्हीकडे चालणार होतं.

काल घाईत तिने संगणकाला दोन्ही बदल ठेवू दिले होते. त्याचीच छापील प्रत हातात घेऊन अतिदक्षता विभागाच्या सुभद्रा सिस्टर दारात उभ्या राहिल्या.

“हे काय हाये वं रश्मी? घरचे दोनदा भेटनार? एकदा रडवाचं, बाहेर काढाचं, अन् पुन्हा बलावून रडवाचं?”

फोनमध्ये सुगत हसला. रश्मी हसली नाही.

“चुकलं, सिस्टर. एकच राहील. अकोल्याची.”

“कावून?”

“तिथे तक्रारी कमी आहेत.”

हे खरं होतं. पण तिने ते स्क्रीनकडे पाहत सांगितलं.

“तक्रार कराले मानूस शुद्धीवर पाहिजे,” सिस्टर म्हणाल्या. “तोंडात नळी, नाकाशी रक्त, असा नवरा पायला अन् बाई तिथंच पडली. डोकं फुटलं तिचं. तवापासून मी भेट मांगं नेली. विचार तुया सुगतले, त्याच्याकडं कोनी पडत नाई?”

“पडते, सिस्टर,” सुगत म्हणाला. “पन बाहेर ठेवलं म्हनून दार ठोकनारेबी पायले मी.”

“मी नाही ठोकलं,” रश्मी म्हणाली.



दोन महिन्यांपूर्वी तिचे वडील, पंजाबराव, याच इमारतीत गेले. ती पडद्याबाहेर उभी होती. आराखडा तिला पाठ होता, म्हणूनच तिने आत डोकावलं नाही. त्यांचा हात धरून ‘बुद्धं सरणं गच्छामि’, त्रिसरण, म्हणायचं होतं. पडदा उघडल्यावर तिने म्हटलंही.

“हात गार झाला होता, सिस्टर. मला मिळाला तेव्हा. आवरायला एवढा वेळ लागतो?”

सिस्टरांनी कागदाची घडी घातली, मग आणखी एक.

“आत मीच होती.”

“माहीत आहे.”

“कायले वेळ लागला, ते तुले माईत नाई. सांगू?”

रश्मीने टेबलावरची बाटली उघडली. न पिताच झाकण पुन्हा फिरवून घट्ट केलं. सिस्टर वाट पाहत राहिल्या. त्यांनी सांगितलं नाही आणि त्या निघाल्याही नाहीत.

“ताई? हाये ना लाइनवर?”

रश्मी स्क्रीनकडे वळली. तिने दोन्ही चौकटी परत आणल्या, एक आवरण्याआधी, एक नंतर. त्यांच्या अलीकडे एक तिरकी, निर्णयाची चौकट टाकली आणि तिच्यातून दोघींकडे एकेक बाण काढला.

सिस्टर वाकल्या. “हे शंकरपाळं कायचं?”

“विचारायचं. मग भेट एकदाच. ते म्हणतील तेव्हा.”

तिने आत लिहिलं: ‘आत्ता आत यायचं, की आवरून झाल्यावर?’

“अन् विचारनार कोन?” सुगत म्हणाला. आराखड्यात ज्याच्या त्याच्या कामाचा आडवा पट्टा होता. कुठलीही चौकट कुणाच्या तरी पट्ट्यात असावी लागे. “डॉक्टरच्या पट्ट्यात टाकसान तं ते सही नाई करत, ताई. त्या टायमाले हे विचारनं सोपं हाये का?”

रश्मीने माउस पट्ट्यांवरून वरखाली फिरवला.

“माया पट्ट्यात टाक,” सिस्टर म्हणाल्या.

रश्मीने चौकट खाली, सिस्टरांच्या पट्ट्यात ओढली. लाल रंग गेला. अकोल्यात सुगतने ती बसल्याचं पाहिलं, “पाठवा मंग,” म्हणाला आणि फोन ठेवला.

रश्मीने आराखडा पाठवला, स्क्रीन बंद केला. सिस्टर अजून तिथेच होत्या, घडी घातलेला कागद मुठीत धरून. रश्मी उठली, भिंतीजवळची खुर्ची ओढून तिने आपल्या खुर्चीसमोर ठेवली. मग जाऊन दार लावून घेतलं.

“बसा, सिस्टर.”