फुंकरबाबा आणि रुसलेलं मशीन

शनिवारी शाळा सुटली तरी कोणी घरी गेलं नव्हतं. मुलं, पालक, शिपाई, झाडून सगळे मैदानाच्या कडेला उभे होते. मध्ये गवत कापायचं मशीन आणि त्याच्यापुढे फुंकरबाबा. बाबांनी डोळे मिटले, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि दोरी ओढली. मशीन धडधडत सुरू झालं. गर्दीने हात जोडले. हेडमास्तरांनी जोडले म्हणून मीही जोडले. मी शाळेचा कारकून, मला तीच सवय.

बाबांचा भाचा ऐटीत गवत कापू लागला.

हे काम खरं तर आमच्या माळीकाकांचं. चार महिन्यांपूर्वी ते गेले आणि मावशी, म्हणजे त्यांची बायको, ते काम करू लागल्या. मग एके दिवशी मशीन अडलं. कोणीतरी बाबांना घेऊन आलं. बाबा म्हणाले, "यात नवऱ्याचा आत्मा आहे. बायकोवर रुसलाय. त्याचा श्वास कोंडलाय." झाकणावर त्यांनी मंतरलेलं मेण थापलं. तेव्हापासून मावशींच्या हाती मशीन जेमतेम दहा मिनिटं चालायचं, आचके देऊन बंद पडायचं, आणि मग खांदा दुखेस्तोवर दोरी ओढली तरी ढिम्म. बाबांनी मेण काढून फुंकर मारली की भाच्याच्या हाती मात्र सुरळीत. काम संपलं की बाबा पुन्हा मेण थापायचे. सोमवारपासून भाच्यालाच कामावर घ्यायचं ठरलं होतं. पत्र मीच टाइप केलं होतं.

मावशी अवजारांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. विज्ञानाच्या बाई त्यांच्याजवळ गेल्या, मागोमाग मीही.

"ते गेले त्या सकाळी मी त्यांना बोलले होते," मावशी हळूच म्हणाल्या. "त्या मशीनशीच संसार करा म्हणून. रुसणारच ना ते."

बाई म्हणाल्या, "काकांचं मला ठाऊक नाही. मशीनचं बघू या."

भाच्याचं काम झालं, मेण लागलं. बाई बाबांना म्हणाल्या, "आता मावशींना चालवू द्या."

"खुशाल," बाबा हसले. "दहा मिनिटं."

दहाव्या मिनिटाला मशीन बंद पडलं. बाबांनी गर्दीकडे समाधानाने पाहिलं.

बाई मात्र पाना घेऊन खाली बसल्या. प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि दोरी ओढायला सांगितली. ठिणगी पडली. हवेची जाळी साफ होती. "प्लग कोरडा आहे," त्या म्हणाल्या. "टाकी भरलेली, पण पेट्रोल खाली उतरत नाही." प्लग परत बसवून त्यांनी नखाने झाकणावरचं मेण खरवडलं. खाली टाचणीएवढं भोक होतं. सुस्स करून हवा आत गेली. मावशींनी दोरी ओढली. दुसऱ्याच हिसक्याला मशीन सुरू झालं.

"बाबा, श्वास कोंडलाय हे तुम्ही अचूक सांगितलंत," बाई म्हणाल्या. "फक्त कोणाचा, तेवढं चुकलं. टाकीचा." मग गर्दीकडे वळून त्यांनी विचारलं, "तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडता?"

"एकातून हवा जायला," एक आजी म्हणाल्या. "नाहीतर तेल येत नाही."

"इथेही तेच. भोक बुजवलं की मशीन बंद, मोकळं केलं की चालू. फुंकर मारली काय, न मारली काय."

"मेण मंतरलेलं होतं," बाबा घाईने म्हणाले.

बाईंनी प्रयोगशाळेतली मेणबत्ती आणली. "ही बिनमंत्राची." तिचं मेण त्यांनी भोकावर थापलं आणि मशीन भाच्याकडे दिलं. आम्ही सगळे घड्याळाकडे बघत उभे राहिलो. दहा मिनिटांनी भाच्याच्या हातातही ते आचके देऊन थांबलं.

"आता काका याच्यावर कशाला रुसतील?" बाई म्हणाल्या. "याची-त्यांची तर ओळखही नव्हती."

हशा पिकला. बाबांना अचानक दुसरीकडे जायची आठवण झाली. भाचाही मागोमाग गेला. हेडमास्तर खाकरले आणि मला म्हणाले, "ते पत्र फाडून टाका."

"म्हणजे ते रुसले नव्हते?" मावशींनी विचारलं.

"ते मशीन सांगू शकत नाही, मावशी. बाबाही नाही. तुम्ही त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहिलात, तुम्हीच सांगा."

मावशींनी डोळे पुसले. "त्यांचा रुसवा जेवणापर्यंत. त्यापुढे कधी टिकलाच नाही."

चमत्कार दिसला की जरा थांबावं, तपासून बघावं. आणि ज्याच्या बोलण्याने दुःखातल्या माणसाला स्वतःचाच अपराध वाटू लागतो, त्याला तर आधी तपासावं.