चालणारा अंगठा

सरकारनं नवा कायदा केला: पैशांचे गुन्हे यापुढे एआय पकडणार. माणूस ओळखीपाळखीला बळी पडतो, यंत्राला मामा-मेहुणा नसतो. झकास. पहिल्याच महिन्यात यंत्रानं पाथर्डी तालुक्यातून एक टोळीप्रमुख हुडकून काढली. नाव कडूबाई, वय साठ, एका पायानं अधू. माझी सख्खी मावशी.

गुन्हा असा. दिवाळी झाली की आमची वस्ती ऊस तोडायला जाते, मागं म्हातारी उरतात. जन्मभर कोयता चालवून त्यांच्या बोटांच्या रेषा पार गेल्यात, बँकेच्या मशीनवर अंगठा उठत नाही. पायामुळे मावशी कधी उसाच्या फडात गेली नाही, त्यामुळे वस्तीतल्या म्हाताऱ्यांत चालणारा अंगठा तिचा एकटीचा. म्हणून पोरं कारखान्यावरून आईबापांचे पैसे तिच्या खात्यात टाकतात. ती काढते आणि ज्याचे त्याला देते. यंत्राला दिसलं एवढंच की ढीगभर लोक एका बाईला पैसे पाठवतात आणि बाई लगेच रोख उचलते. खातं गोठवलं. वर पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाला मेसेज गेला: सावधान, हे खातं संशयित आहे.

वस्तीवरची म्हातारी माणसं चटणी-भाकरीवर आली. मी मावशीला माझ्या वडापच्या, भाड्यानं माणसं नेणाऱ्या जीपमध्ये घातलं आणि नगरला बँकेत नेलं.

साहेब स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आजी, एवढे लोक तुमच्याकडेच का पैसे पाठवतात?"

"इस्वास हाय त्येंचा."

"पैसे पोचवल्याचा पुरावा काय?"

"म्हातारी जित्ती हायेत की!"

यंत्रात तसला रकाना नव्हता. मी म्हणालो, "सायेब, मशीनला एकदा वस्तीवर धाडा. जीपचं भाडं घेनार न्हाई."

साहेब हसले नाहीत, पण माणूस भला निघाला. त्यांनी स्वतः पोरांना फोन लावले, वर कागद पाठवले आणि आठवड्यानं खातं सुटलं. संशय मिटल्याचा मेसेज मात्र फक्त मावशीला आला.

पैसे काढून आणले त्या दुपारी शेजारची छबूबाई आली. इतकी वर्षं एकटी यायची, आज पलीकडच्या घरातल्या बनुबाईला घेऊन आली.

"हिला कशाला उनाचं आनलंस?" मावशीनं विचारलं.

छबूबाई पदर चाळवत म्हणाली, "कल्यानचा फोन आल्ता. त्येच्या मोबाईलवर सरकारचं कायतरी आलंय म्हनं. म्हनला, पैसं घेताना साक्षीला कुनीतरी असू दे."

कल्याण तिचा थोरला. माझं डोकंच फिरलं. चार शब्द सुनावणार, तेवढ्यात मावशीनं हातानं गप्प केलं. तिनं बनुबाईच्या देखत पैसे छबूबाईच्या हातावर ठेवले. दोघी खाली मान घालून गेल्या.

मावशी उंबऱ्यात येऊन बसली. मग म्हणाली, "ह्या कल्यानच्या येळचं बाळंतपन म्या केलं हुतं रं."