वाजणारी जमीन

नव्या जागेची सगळ्यात जास्त धास्ती घेतली ती घरच्या सुनेने. बाई धंद्याने शिंपीण. वीस वर्षं लोकांचे कपडे बेतले, पण दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, आत सोडल्याशिवाय तिची कात्री कधी चालली नाही. जमिनीचंही तेच. घर कुठे, गाईचा गोठा कुठे, शेणखताचा खड्डा पिण्याच्या पाण्यापासून किती लांब, शेळ्यांचं कुंपण भाजीच्या वाफ्यांपासून किती अलीकडे, सगळ्याचे पुठ्ठ्याचे तुकडे मापात कापून ती महिनाभर एका मोठ्या पुठ्ठ्यावर सरकवत बसली होती. खड्ड्याचा वास स्वयंपाकघरात येईल म्हणून तो बिचारा खड्डा तिने तीनदा हलवला. सासरे हसायचे. "भित्री भागूबाई आमची," म्हणायचे. "उद्या कोंबड्यांचीही मापं घेशील."

पण तिची भीती काही अगदीच फुकटची नव्हती. या जमिनीत कुठेतरी एक बुजवलेली विहीर होती. बुजवलेली म्हणायचं आपलं. जमिनीच्या जुन्या मालकिणीच्या नवऱ्याने विहिरीच्या तोंडावर फळ्या टाकल्या, वर माती लोटली आणि हात झटकले. म्हातारी स्वतः शिवणाच्या दुकानात येऊन सांगून गेली होती. टेबलावरच्या खाकी कागदावर तिने खडूने चौकोन काढला. खाली मधोमध फाटक, आत मधोमध एकुलतं एक झाड, मागे ओढा, आणि एका कोपऱ्यात गोल. "दगडांनी भरून घे आधी," म्हातारी म्हणाली. "तोवर तिथे कुणाला फिरकू देऊ नकोस. फळ्या माझ्यापेक्षा म्हाताऱ्या आहेत."

ते ऐकल्यावर तो कोपरा आधी काट्यांनी बंद करायचा, असं हिने ठरवून टाकलं. कारण घरात गुंडी होती. गुंडी म्हणजे तिची सहा वर्षांची लेक. शर्टाच्या गुंडीसारखीच, जिथे लावाल तिथून सुटून घरंगळणारी.

म्हातारीचा नकाशा तिने पुठ्ठ्यावर उतरवून घेतला होता. त्याप्रमाणे डाव्या कोपऱ्याला नवऱ्याने काट्यांचं कुंपण घातलं. फळ्या सापडतात का बघायला चार ठिकाणी पहार मारली, तर सगळीकडे खणखणीत मुरूम. "पक्कं काम केलंय म्हातारीच्या नवऱ्याने," तो खूश होऊन म्हणाला, आणि दगड आणायचं पुढे ढकललं. उजवा कोपरा बिनधोक, म्हणून तिथे गाईसाठी ऐसपैस मोकळा गोठा आखला. लाकडी दांड्यांचं कुंपण झालं, गव्हाण झाली, पाण्याची टाकी आली. तयार झालेल्या दोन खोल्यांत माणसं राहायलाही आली.

आठ दिवस झाले त्याला. आठही दिवस गुंडी जेवताना एकच धोशा लावून होती. "आई, माझी जमीन वाजते."

"वाजू दे. जेव आधी."

आता तुम्हीच सांगा, सहा वर्षांच्या पोरीच्या बोलण्याकडे भरल्या घरात लक्ष कोण देतं?

नवव्या दिवशी दुपारी नवरा वैरण आणायला गेला होता. सासरे शेजारच्या वस्तीवरून गाभण गाय चालवत आणत होते. सून शिवणाची पेटी उघडून बसली. मोठी कात्री कशात तरी गुंडाळलेली होती. तिने सोडवलं, तर म्हातारीचा तोच खाकी कागद. टेबलावर पसरला. शेजारी पुठ्ठा उभा होताच.

खाकी कागदावर गोल उजव्या कोपऱ्यात होता.

कागद उलटा धरला असेल, असं तिला वाटलं. फिरवून बघितला. फाटक खाली, ओढा वर. कागद सरळच होता. मग तिने तो पालथा केला, आणि रेघांवर पाडलेल्या भोकांची नक्षी पुठ्ठ्याशी तंतोतंत जुळली.

काय झालं ते तिला लगेच कळलं, कारण ते तिच्याच हाताने झालं होतं. कुठलाही साचा उतरवायची तिची एक पद्धत होती. रेघांवरून दातेरी चक्री फिरवायची, कागद पालथा घालायचा म्हणजे रेघांचा खडू हाताने पुसला जात नाही, आणि भोकांवर खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटून ठिपके खाली पाडायचे. बाहीचा साचा पालथा झाला तर बिघडत काय? डाव्या बाहीची उजवी होते, आणि बाह्या तर दोन्ही लागतात. वीस वर्षं असंच चाललं होतं. जमिनीच्या बाबतीतही तिच्या हातांनी तेच केलं. फाटक मध्ये, झाड मध्ये, त्यामुळे चूक कुणाच्या डोळ्यांत आलीच नाही. काटे घातले ते धडधाकट जमिनीला. आणि विहीर गाईच्या गोठ्यात.

आणि जमीन वाजते.

ती पळत दारात आली. गोठ्याच्या कोपऱ्यात गुंडी उभी होती, दोन्ही हात वर करून, उडी मारायच्या बेतात. सासरे गाईचं दावं धरून गोठ्याच्या तोंडाशी पोचले होते आणि गुंडी त्यांना सांगत होती, "आजोबा, तिला इकडे आणा. तिला ऐकवते."

ओरडावं तर पोरगी दचकून उडी मारणार. धावत आत जावं तर दोघींचं वजन फळ्यांवर. तेवढ्यात हिचा हात गळ्यातल्या टेपवर गेला. गुंडी शिंपिणीची लेक. चालायला लागल्यापासून एकच गोष्ट तिला पक्की शिकवलेली. आई माप घेत असेल तेव्हा पापणीसुद्धा हलवायची नाही.

"गुंडे," ती रोजच्या आवाजात म्हणाली, "तशीच उभी राहा. माप घ्यायचंय."

गुंडीचे हात आपोआप आडवे झाले. ती खांबासारखी थांबली.

"बाबा, गाय आत घेऊ नका."

"का? हिचंही माप घ्यायचंय?" सासरे म्हणाले. मग त्यांनी सुनेचा चेहरा बघितला आणि त्यांचं हसू विरलं.

"विहीर तिच्या पायाखाली आहे. चूक माझी आहे. गाय बांधा, आणि शिडी आणा. आवाज करू नका."

आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांनी उलट प्रश्न विचारला नाही. गाय झाडाला बांधली आणि भिंतीला टेकवलेली लांबलचक शिडी एकट्याने उचलून आणली. तिने ती जमिनीवर आडवी सरकवली, गुंडीच्या शेजारून पार पलीकडे जाईल अशी, आणि तिच्यावर पालथी पडून पुढे सरकू लागली. सासऱ्यांनी मागून तिचे घोटे धरले होते. देवा, आता तरी माझा हात बरोबर जाऊ दे, एवढंच ती मनात घोकत होती.

"आई, नाकाला खाज येतेय."

"येऊ दे. माप चुकेल."

खाली काहीतरी करकरलं. गुंडीच्या पायाजवळची माती बारीक धार धरून आत जायला लागली. तिने उरलेलं अंतर बघितलंच नाही, हात टाकला, गुंडीच्या फ्रॉकची कंबर मुठीत धरली आणि ओढली. कमरेला शिवण दुहेरी होती. फ्रॉक टिकला. सासऱ्यांनी दोघींना शिडीसकट मागे खेचलं.

गुंडी उभी होती तिथली जमीन खचली. फळ्या, माती, गवत, सगळं आत गेलं. मग क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, आणि मग खोल पाण्याचा आवाज आला. झाडाखाली गाय एकदा हंबरली.

सासरे तिथेच मातीत बसले. "मी गाईला घेऊन आत शिरत होतो," ते म्हणाले. "दोन पावलं राहिली होती." पुन्हा तेच म्हणाले. "सूनबाई, तुला भित्री म्हणत होतो मी."

तिने गुंडीला इतकं आवळून धरलं होतं की पोरगी शेवटी कुरकुरली आणि सुटून समोर उभी राहिली. दोन्ही हात तिने पुन्हा आडवे केले.

"माप घे ना. मी हलले नाही."

कबूल केलं होतं, तेव्हा घेणं भाग होतं. तिने गळ्यातला टेप काढून लेकीच्या खांद्याला लावला आणि मनगटापर्यंत नेला. आकडा तिला काही केल्या दिसेना. तिने पुन्हा खांद्यापासून सुरुवात केली.