खालची बारीक ओळ

मी टीव्ही बोलतोय. घरातला नव्हे, सलूनमधला. दोन खुर्च्यांच्या लहानशा सलूनमध्ये, मागच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली मी टांगलेला असतो. केसांचे बारीक तुकडे इतक्या उंचावर कसे पोचतात कोण जाणे, पण माझ्या डोक्यावर ते कायम असतात.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. मला जाग आली ती इथेच. सलूनवाला स्टुलावर चढून मला खिळ्यांवर अडकवत होता आणि समोरचा बेकरीवाला खाली उभा राहून हुकूम सोडत होता.

"उजवी बाजू वर घे. अजून. अरे, तुला सरळ-वाकडं कळत असतं, तर तुझ्या गिऱ्हाइकांचे कल्ले असे असते का?"

दोघं तरुणपणापासूनचे मित्र. मधे फक्त रस्ता. सकाळी भट्टीतून निघालेला पहिला गरम पाव सलूनवाल्याकडे यायचा आणि बेकरीवाल्याची दाढी इथे व्हायची. हिशेब कुणी ठेवला नाही.

माझं काम बोलत राहणं. गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून बसतं, सलूनवालाही तिकडेच बघत उभा असतो. म्हणजे मी त्यांना दिसतो तो आरशात, उलटा. चित्रं कळतात, आवाज ऐकू येतो, पण अक्षरं कोण वाचणार? आणि गळ्यावर वस्तरा असताना मान वळवायची कुणाची छाती? बाकावर वाट बघणाऱ्यांना मी सरळ दिसतो, पण तिथून बारीक अक्षरं लागत नाहीत.

एक दिवस माझ्यावर एक नवा कार्यक्रम सुरू झाला. पांढरा कोट घातलेला एक गंभीर माणूस, मागे काळजात धडकी भरवणारं संगीत, आणि कुठल्यातरी बेकरीतली काळवंडलेली भिंत, कणकेवर बसलेल्या माश्या. "तुम्ही मुलांना काय खाऊ घालताय?" कोटवाला विचारायचा. उत्तर द्यायचा नाही. लगेच जाहिरात लागायची. चकचकीत कागदातला पाव, हसणारी आई, "माणसाचा हात न लागलेला!"

पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं हसली. "हात लावल्याशिवाय खाणार कसा?" असं एकजण म्हणाला. आठवड्याभराने कुणी हसेना. मग लोक कोटवाल्याची वाक्यं स्वतःची म्हणून बोलू लागले. "मी तर बाबा बाहेरचा सुटा पाव बंदच केला." समोरच्या बेकरीचं नाव कुणी घ्यायचं नाही. फक्त आरशातून तिकडे बघायचे.

बेकरीसमोरची रांग आटत गेली. कपाटात दुपारीही पाव शिल्लक दिसू लागले. बेकरीवाला उगाचच काच पुसत बसायचा.

एका सकाळी तो दाढीला आला. सलूनवाल्याने तोंडभर फेस लावला, अर्धी दाढी केली आणि नवं ब्लेड घ्यायला खण उघडला. खणात कंगव्यांच्या शेजारी चकचकीत कागद होता. हात न लागलेला पाव.

खण घाईने बंद झाला, पण उशीर झाला होता.

"वहिनींनी मागवला?" बेकरीवाल्याने विचारलं.

सलूनवाल्याला हो म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "नाही. मीच आणला."

"माझी भट्टी तू बघितली नाहीस का रे? माझ्या हातची कणीक बघितली नाहीस?"

"बघितली. रोज बघतो. पण दिवसभर ते कानावर पडतं... काय झालं मलाच कळत नाही. घास तोंडाशी नेताना त्या माश्या दिसायच्या."

"माझ्या भट्टीत?"

"नाही. डोळ्यांपुढे."

बेकरीवाल्याने टॉवेलने फेस पुसला. "उरलेली राहू दे," म्हणाला आणि अर्ध्या दाढीने रस्ता ओलांडून गेला.

सलूनवाला बाकावर बसला. तिथे तो कधी बसत नसे. ती गिऱ्हाइकांची जागा. तिथून मी समोर, सरळ दिसतो. माझ्यावर तोच कार्यक्रम चालू होता. त्याने मान वर केली, डोळे बारीक केले, उठून स्टूल ओढलं आणि माझ्या तोंडाशी येऊन वाचू लागला. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत ओळ सरकत होती: 'दृश्यं काल्पनिक. कार्यक्रमाचा खर्च पाव कंपनीकडून.'

ती ओळ पहिल्या दिवसापासून माझ्यावर होती. लपवलेली नव्हती. फक्त वाचली जाऊ नये इतकी लहान होती.

त्याने वाटी, ब्रश, वस्तरा उचलला आणि तो रस्त्यापलीकडे गेला. बेकरीच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्याने मित्राची उरलेली दाढी केली. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मग बेकरीवाल्याने आत जाऊन एक पाव आणला आणि सलूनवाल्याने तो तिथेच उभ्याने खाल्ला.

सगळं पूर्ववत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. सलूनवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला स्टुलावर चढवून ती ओळ वाचायला लावायचा. काहींनी कपाळावर हात मारला आणि ते बेकरीत परतले. एक पेन्शनर आजोबा मात्र म्हणाले, "पैसे त्यांनी दिले असतील हो, पण माश्या तर होत्या ना?" बेकरीवाल्याला दोनपैकी एक भट्टी बंद करावी लागली. दुसरी अजून पेटते.

मी अजून इथेच आहे. काल माझ्यावर नवा कार्यक्रम लागला. तोच पांढरा कोट, तेच संगीत. सलूनमधल्या वस्तऱ्यांमुळे पसरणारे रोग. पाठोपाठ घरच्या घरी दाढी करायच्या यंत्राची जाहिरात. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने हळूच वस्तऱ्याकडे पाहिलं. सलूनवाल्याचा हात हवेतच थांबला.

"ब्लेड तुमच्यासमोरच बदललं," तो म्हणाला.

"हो, हो. पाहिलं ना मी," गिऱ्हाईक म्हणालं. पण अंग चोरूनच बसलं.

मंडळी, मला तोंड दिलंय, निवड दिलेली नाही. जो पैसे देईल त्याचं मी बोलतो आणि थकत नाही. म्हणून विनंती एवढीच की, माझं ऐकून शेजाऱ्याकडे संशयाने बघण्याआधी एकदा जवळ येऊन मला नीट वाचा. आणि मग उठून शेजाऱ्याकडे जा. त्याच्याकडे जायला फक्त रस्ता ओलांडावा लागतो.